उतरताना सगळ्यांच्या मागे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाची सूत्रं इतकी वर्षं सांभाळणारे आदरणीय पंढरीनाथकाका सबनीस. छावणीतून वेळात वेळ काढून आलेले आपले प्रमुख पाहुणे सुभेदार मेजर संभाजीराव खराडे. ज्यांनी आत्ताच माझ्या खांद्यावर शाल घातली त्या सरोजिनीताई. समोर बसलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो. शेवटच्या रांगा अडवून बसलेल्या माझ्या ऑफिसातल्या मुला-मुलींनो. आणि जेवायला अजून किती वेळ आहे असं मघापासून एकमेकांना विचारणाऱ्या बालमित्रांनो, तुम्हा सगळ्यांना उत्कर्षा आरवाडेचा मनापासून नमस्कार.

मे महिन्यातल्या जयपुरात, विद्याधर नगरच्या या हॉलमध्ये, निम्मे कूलर बंद असताना एखाद्या बाईच्या अंगावर शाल घालायची, म्हणजे तिच्याबद्दल केवढा आदर असला पाहिजे! सरोजिनीताई, मी ती घडी करून खुर्चीवर ठेवली आहे, राग मानू नका. काकांच्या हाताशी पितळी घंटी आहे, तीही मला दिसते आहे. वक्ता कितीही मोठा असो, वेळ संपली की काका ती वाजवतात आणि वक्ता खाली बसतो, ही आपल्या मंडळाची शिस्त. आज मला वेळ थोडा जास्त लागेल. काका, तेवढी सवलत द्या. नंतर तुम्ही स्वतःच म्हणाल की घंटी आधी वाजवायला हवी होती.

माझ्याबद्दल इथे फार चांगलं बोललं गेलं. इतकं चांगलं की मला मधेच वाटलं, ह्या बाईंना एकदा भेटायला पाहिजे. काका म्हणाले, उत्कर्षाताईंनी जगतपुऱ्याच्या ऑफिसात सांगली, मिरज, लातूरकडची तेवीस मुलं आणून नोकरीला लावली, मंडळात तरुण रक्त आणलं, आणि आता त्या बढतीवर पुण्याला निघाल्या आहेत. वाक्य संपवताना ते म्हणाले, "ताई म्हणजे आपल्या सगळ्यांचा कास्पर!" त्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मागच्या रांगांतून शिट्ट्यासुद्धा आल्या.

त्या टाळ्यांच्या वेळी मी खाली बघत होते. ताई लाजल्या, असं कुणाला वाटलं असेल. मी लाजले नव्हते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

जे आज पहिल्यांदाच आले आहेत त्यांना हा कास्पर कोण ते सांगायला हवं. आमच्या ऑफिसचं काम सोप्या भाषेत सांगायचं तर फोटोंवर नावं घालण्याचं. जगात कुठूनही फोटो येतात. आम्ही संगणकावर त्यांतल्या माणसांभोवती चौकटी आखतो, हा कोण, हातात काय, मागे काय दिसतं, ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावाच्या संग्रहालयाचं काम आलं. गावाचं नाव सांगायला करारानं मनाई आहे, आणि सांगितलं तरी ते आपल्यापैकी कुणाला नीट म्हणता येणार नाही. त्या गावात शंभर वर्षांपूर्वी कास्पर नावाचा एक वाटाड्या होता. डोंगरावर साहेबलोकांना घेऊन जाणारा आणि परत आणणारा. हाच कास्पर पुढे स्कीच्या शर्यतींत उतरला आणि गाजला. त्याचे शेकडो फोटो आमच्याकडे आले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रिक्षावाले भैया डोक्याला ओला गमछा बांधून बसलेले, आणि आत आमची पोरं दिवसभर बर्फ बघत होती. त्यांतल्या एकानंही आयुष्यात फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नव्हता.

कास्पर आमच्या घरचाच झाला. मुलं त्याला 'आजोबा' म्हणायला लागली. मागच्या गणपतीत तर आपण सजावटच त्याची केली. कापसाचा डोंगर, त्यावर पुठ्ठ्याचा कास्पर, पायात आइस्क्रीमच्या काड्या. आठवतं ना? संभाजीरावांनी तेव्हा सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "मूर्ती छान आहे. बर्फ मात्र असा नसतो." त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं खऱ्या बर्फात काढली आहेत.

त्या सजावटीत आम्ही तुम्हाला कास्परचं अर्धंच आयुष्य दाखवलं. तेच अर्धं काकांच्या मनात राहिलं, म्हणून त्यांनी मला ते नाव दिलं. उरलेलं अर्धं मी आज सांगते. ते ऐकल्यावर हे नाव मला द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

पहिल्या अर्ध्याची थोडक्यात उजळणी करू. कास्परचा बाप वाटाड्या, आजा वाटाड्या. लहानपणी हा साहेबांच्या पेट्या पाठीवर घेऊन वर चढायचा. पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची कला तिकडे तेव्हा नवीन होती. उत्तरेकडच्या देशांतून आलेलं एक चित्र बघून गावातल्या सुतारानं कास्परला पहिली जोडी करून दिली. गावातले जुने वाटाडे हसले. डोंगर चालण्यासाठी असतो, घसरण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. कास्पर एक हिवाळाभर पडत राहिला. पुढच्या हिवाळ्यात तो असा उतरायला लागला की हसणाऱ्यांनी आपली मुलं त्याच्याकडे शिकायला पाठवली.

आजच्यासारखं तारेवरच्या खुर्चीत बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, असं त्या काळी नव्हतं बरं का. शर्यतीतसुद्धा आधी स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मगच उतरायचा. चढायला कास्परइतके दमदार तिथे बरेच होते. पण माथा गाठला की बाकीचे श्वास घ्यायला थांबायचे, आणि हा तोवर खाली वळलेला असायचा. खिंडीतून उतरणारा पहिला ठिपका कास्परचा, हे खालच्या लोकांना इतकं पाठ झालं होतं की ते ठिपका दिसायच्या आधीच त्याच्या नावानं ओरडायला लागायचे. फोटोत तुम्ही त्याला बघितलंच आहे. छाती पुढे, टोपी मागे, आणि चेहऱ्यावर 'बघता काय, टाळ्या वाजवा' असा भाव. आपल्या ऑफिसातल्या सोहमसारखा. सोहम, हास की. एवढं तरी हास.

आता गोष्ट पुढे न्यायची तर त्यांच्या धंद्यातला एक नियम समजून घ्यावा लागेल. संभाजीराव, चुकलं तर तुम्ही तिथल्या तिथे थांबवा. डोंगरावर दोर बांधून माणसं चालतात, तेव्हा चढताना वाटाड्या पुढे असतो. उतरताना तो सगळ्यांच्या मागे असतो. कारण उतरताना कुणाचा पाय सुटला, तर वरून दोर धरणारा माणूस सगळ्यांत भक्कम हवा. बरोबर? संभाजीराव मान हलवतायत, म्हणजे बरोबर.

स्कीवर मात्र हे उलटं होतं. स्कीवर वाटाड्या आधी उतरतो, बर्फ कसा आहे ते बघतो, वाट आखतो, आणि मग बाकीच्यांना हाक मारतो. शर्यतीत तर आधी उतरणं हेच सगळं. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात दोन शहाणपणं होती. एक सांगायचं, शेवटी ये. दुसरं सांगायचं, आधी जा. कुठल्या वेळी कुठलं ऐकायचं, हे ज्याला कळतं तो खरा वाटाड्या.

एका हिवाळ्यात कास्पर दोन पाहुण्यांना घेऊन एका खिंडीतून पलीकडे निघाला होता. सामान घ्यायला बरोबर त्याचा धाकटा भाऊ पीटर. खिंडीच्या खाली एक लहानशी उतरण होती. वाऱ्यानं तिथे बर्फ आणून टाकलेला असायचा, आणि दुपारच्या उन्हात त्याच्यावर भरवसा ठेवू नये, हे गावातलं पोरही सांगायचं. जुने वाटाडे तिथे आले की स्की काढून खांद्यावर घ्यायचे, सगळ्यांना दोर बांधायचे आणि कडेच्या खडकांवरून एकेकाला पायी उतरवायचे. वेळ लागायचा. पण तशीच रीत होती.

त्या दिवशी कास्परला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी शर्यत होती. त्याला अंधार पडायच्या आत खाली पोहोचायचं होतं, फळ्यांना मेण लावायचं होतं, झोपायचं होतं. त्यानं उतरणीकडे पाहिलं. पन्नास वेळा उतरलेली उतरण. त्यानं दोर पिशवीतून काढलाच नाही. स्कीवरूनच दोन सुंदर वळणं घेऊन तो खाली जाऊन उभा राहिला आणि वर बघून ओरडला, "या! काही भीती नाही! मी आहे इथे!"

पहिला पाहुणा आला. दुसरा पडत धडपडत आला. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जड ओझं पाठीवर घेऊन पीटर निघाला, आणि त्या उतरणीवरचा बर्फ फुटून खाली कोसळला.

पीटरला त्यांनी दुसऱ्या दिवशी बर्फाखालून बाहेर काढलं. शेजारच्या गावी तेव्हा शर्यत चालू होती.

चौकशी झाली. पाहुण्यांनी कास्परच्या बाजूनं सांगितलं. वाटाड्यांच्या मंडळानं निर्णय दिला की स्कीवर वाटाड्यानं आधी उतरावं असाच नियम आहे, त्यामुळे कास्परचं काही चुकलेलं नाही. नियमाप्रमाणे ते खरंच होतं. कास्परला मात्र एकच गोष्ट माहीत होती. त्या उतरणीवर शेवटची जागा त्याची होती, आणि त्या जागेवर त्याचा भाऊ उभा होता.

हे सगळं आम्हाला कसं कळलं? कास्परचे फोटो येत होते तेव्हा आमच्या अबोलीनं एक दिवस मला तिच्या टेबलाशी बोलावलं. लातूरची अबोली, ती बघा, खांबाजवळ बसली आहे. ती म्हणाली, "ताई, हे आजोबा आधीच्या फोटोंमध्ये सगळ्यांच्या पुढे आहेत. आणि ह्या सालानंतर बघा. मतलब, सगळ्या फोटोंत. लग्न असू दे, मिरवणूक असू दे, डोंगर असू दे, ते शेवटीच आहेत. काही फोटोंत तर निम्मेच आलेत." मी म्हटलं, योगायोग असेल. ती म्हणाली, "एवढा?" मग आम्ही संग्रहालयाच्या बाईंना फोनवर विचारलं, आणि त्यांनी ही हकीकत सांगितली. त्यांच्या गावात ती सगळ्यांना माहीत होती. कुणी लपवलेली नव्हती. आम्हीच विचारली नव्हती.

त्यानंतर कास्पर शर्यतीत कधीच उतरला नाही. वाटाड्याचं काम त्यानं सोडलं नाही, पुढची तीस-पस्तीस वर्षं केलं. पण तो उतरायचा सगळ्यांच्या मागे. स्कीवरसुद्धा. पुढे जायला दुसरा वाटाड्या घ्यायचा आणि स्वतः शेवटी यायचा. म्हातारपणी गावात तारेवरून चालणारी पाळण्याची गाडी आली. मान म्हणून पहिल्या पाळण्यातून खाली यायला त्याला बोलावलं होतं. बँड खाली तयार होता. पाळण्यांमागून पाळणे आले, बँडवाले दमले, आणि कास्पर संध्याकाळी शेवटच्या पाळण्यातून उतरला. शाळेच्या मुलांनी एकदा त्याला विचारलं, आजोबा, तुम्ही नेहमी मागे का राहता? तो म्हणाला, "मागून सगळी माणसं दिसतात. मोजता येतात."

तिकडे अंत्ययात्रेत शवपेटी पुढे असते आणि लोक मागून चालतात. कास्पर गेला तेव्हा गावानं सगळ्यांना पुढे घातलं. त्याला सगळ्यांच्या मागून नेलं. तो फोटोही आमच्याकडे आला होता. त्यावर नाव घालायचं काम माझ्याकडे होतं. चौकट कुणाभोवती आखायची, हे मला बराच वेळ सुचेना.

काका, घंटीकडे हात गेला तुमचा. थांबा. आता माझंच येतंय.

ह्या मुलांना मी इथे आणलं, असं तुम्ही म्हणालात. खरं आहे. मी एकेकाच्या घरी गेले आहे. मिरजेला, लातूरला, इचलकरंजीला. चहा प्यायले आहे, पोहे खाल्ले आहेत. आयांनी विचारलं, राजस्थान लांब आहे हो, तिथे पोरीचं कोण? मी प्रत्येक घरी एकच वाक्य म्हटलं. "मी आहे ना तिथे." फार छान म्हणायचे मी ते. चपला घालताना, दारातून वळून.

आणि आता जे सांगते ते ऑफिसातल्या मुलांनी आधी ऐकावं, कारण ते त्यांचं आहे. जगतपुऱ्याचं आपलं ऑफिस जूनअखेर बंद होतंय.

ऐका. बसा. सोहम, बस. बाहेर जाऊ नकोस, बाळा, पूर्ण ऐक. मग जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

फोटोंवर नावं घालण्याचं काम आपण ज्या यंत्राला शिकवलं, ते आता स्वतःच ते काम करतंय. आपण त्याला चांगलं शिकवलं. त्यामुळे माणसं नकोत, असं वर ठरलं. मला हे होळीच्या सुमारास एका व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्याच कॉलवर पुण्याची जागाही सांगितली. शब्द होते, "तुमची सोय केली आहे." मुलांना जूनपर्यंत कळता कामा नये, अशी ताकीद होती. मी हो म्हटलं. आज तुम्ही जिला बढती म्हणता आहात, ती ही सोय आहे.

नियमाप्रमाणे माझं काही चुकलेलं नाही. हे मी गेले दोन महिने रोज सकाळी स्वतःला सांगते आहे. मोठ्या पदावरच्या माणसानं ऑफिसची गुपितं फोडायची नसतात. ते लेखी आहे, त्यावर माझी सही आहे. कुठल्याही चौकशीत मी सुटेन.

पण एप्रिलमध्ये चहाच्या टपरीवर सोहमनं मला विचारलं होतं, "ताई, आईला कायमची घेऊन येऊ का? ती म्हणते, एकदा ताईंना विचार." तेव्हा मला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, थांब जरा, जूननंतर बघू. त्यात कुठलंही गुपित फुटलं नसतं. पण 'का' असं त्यानं विचारलं असतं, आणि मला त्याच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. ते टाळायला मी काय म्हणाले? "आण की! मी आहे ना!"

समोर तिसऱ्या रांगेत सोहमच्या आई बसल्या आहेत. सुमनताई. मिरजेत त्यांची खानावळ होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती उभी केली आणि तिच्यावर मुलाला शिकवलं. दवाखान्यात पेशंटबरोबर आलेली माणसं त्यांच्याकडे जेवायची. ती खानावळ बंद करून त्या याच महिन्यात इकडे आल्या. आणि आज मला निरोप द्यायचा म्हणून सकाळपासून इथल्या मागच्या स्वयंपाकघरात त्या उभ्या होत्या, आत्ता कुठे येऊन बसल्या आहेत. तुम्हाला मघापासून जो वास येतोय तो त्यांच्या भरल्या वांग्यांचा.

दुपारी मी कोथिंबीर द्यायला आत गेले होते. त्यांनी हात पुसला आणि माझा हात धरला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही चाललात, वाईट वाटतंय बघा. पण पोराचं मार्गी लावलंत. मी मोठी पातेली, परात, शेगड्या, सगळं शेजारणीला देऊन टाकलं. म्हटलं, आता काय लागतंय मला ते." मी म्हणाले, "बरं केलंत." ऐकलंत? मी त्यांना 'बरं केलंत' असं म्हणाले. कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि बाहेर आले.

बाहेर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी खाली जाऊन उभी आहे आणि वर बघून 'या' म्हणून ओरडते आहे.

सुमनताई, तुमची माफी मी इथे माइकवरून मागणार नाही. सगळ्यांसमोर माफी मागितली की समोरच्याला 'असू दे' म्हणावंच लागतं. तेवढीसुद्धा जबरदस्ती मला तुमच्यावर करायची नाही. मी तुमच्याकडे येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

काका, खरंच घंटी वाजवू नका, आता थोडंच राहिलं आहे.

मी दुपारीच दोन फोन केले. एक वरच्या साहेबांना. सांगितलं की आज संध्याकाळी मी मुलांना सगळं सांगणार आहे, आणि मी पुण्याला आत्ता येत नाही. ह्या मुलांतलं शेवटचं माणूस कुठेतरी लागेपर्यंत मी जयपूर सोडत नाही. पलीकडून ते म्हणाले, विचार करा, ती जागा तुमच्यासाठी थांबणार नाही. मी म्हटलं, नको थांबू दे. हे बोलताना माझा आवाज अजिबात खंबीर नव्हता, हेही सांगून टाकते. उगाच शूरपणाची चर्चा नको.

दुसरा फोन माझ्या नवऱ्याला. अमेय एप्रिलमध्येच पुण्याला गेलाय, घर बघून ठेवलंय, पडदेसुद्धा लावलेत. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे फ्रीज इकडे पाठवू नकोस." एवढ्यावर आमचं बोलणं संपलं. तो रागावला आहे, आणि त्याचं बरोबर आहे.

मुलांनो, तुम्हाला काम मिळवून देईन असं वचन मी देत नाही. वचनं मी आजवर फार सहज दिली. मला जमतं ते एवढंच. उद्यापासून माझ्या घरी बसू. ज्या ज्या कंपनीत माझ्या ओळखीचं कुणी आहे, त्याला मी स्वतः फोन करीन, पाया पडायची वेळ आली तर पडेन. संभाजीराव, छावणीत किंवा बाहेर तुमच्या माहितीत काही असेल तर सांगा. सांगानेरच्या कापड-छपाईवाल्यांना विलायतेशी बोलणारी माणसं लागतात, काका, तुमचे तिथे संबंध आहेत. मंडळानं मला निरोप द्यायला एवढं केलं, तेवढंच ह्या मुलांना इथे राहता यावं म्हणून करावं, ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि ज्यांना माझं तोंड बघायचं नाही, त्यांच्यासाठीही मी फोन करीनच. त्यांनी मला भेटायलाच पाहिजे असं नाही.

आता रिवाजाप्रमाणे आभार. मंडळाचे, काकांचे, संभाजीरावांचे, सरोजिनीताईंचे. ज्यांनी माझ्यासाठी आजची संध्याकाळ मोकळी ठेवली त्या सगळ्यांचे. चांगल्या समारंभाचा मी विचका केला. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, तर पदरात घ्या. माझ्या बाकीच्या चुका पदरात घ्याव्यात असं मात्र मी म्हणणार नाही. त्या ज्यांच्या वाट्याला आल्या आहेत, त्यांचं त्यांना ठरवू दे.

एक शेवटचं मागणं आहे. निरोप घेणाऱ्या माणसानं पहिल्या पंगतीत, अध्यक्षांच्या शेजारी बसायचं, ही सरोजिनीताईंनी आपल्या मंडळात सुरू केलेली पद्धत. तिकडे चौरंग मांडलाय, रांगोळी काढलीय, मला इथून दिसतंय. ते ताट तिथेच राहू द्या आणि त्यावर सुमनताईंना बसवा. दिवसभर त्या उभ्या होत्या. त्या नको म्हणाल्या तर सोहम, तू त्यांच्या शेजारी बस, म्हणजे त्या बसतील.

मी वाढायला घेते. आधी मुलं बसू देत, मग तुम्ही सगळे. कुणी न जेवता निघून गेलं तर मला कळेल, कारण मी दारापाशी उभी राहून मोजणार आहे. सगळ्यांचं झालं की मी बसेन, शेवटच्या पंगतीला.

चला, पानं मांडलेली आहेत.